चुकलेल्या गोळ्याची खूण

मी, बाल्दोमेरो ओयार्सो, वय एकोणसत्तर, धंदा शेवंडांची मासेमारी, राहणार सान हुआन बाउतिस्ता गाव, मास आ तिएर्रा बेट, चिली देश, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीविषयी वाल्पाराइसोच्या डॉक्टरने जे सांगितले ते पुढे योग्य जागी येईल. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कालपासून मी दारूचा थेंबही घेतलेला नाही. बाटली नातीने लपवली असल्यामुळे याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

कायद्याप्रमाणे हा कागद तीन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला जाणार आहे. साक्षीदार मी विचार करून निवडले आहेत. वाचन चालू असता त्यांनी मध्ये बोलू नये, आणि हे मी मुख्यतः अबेलिनो दुवोशेल याला उद्देशून लिहीत आहे.

कलम पहिले. राहते घर, मागची बाग, कोंबड्या आणि तिथल्या झाडाखालची बाकडी मुलगा नोल्बेर्तो यास मिळावीत. नोल्बेर्तो वाल्पाराइसोच्या धक्क्यावर क्रेन चालवतो. त्याला समुद्र लागतो. लहानपणी बोट किनाऱ्याला बांधलेली असतानाच तो ओकायचा. हा त्याचा दोष नाही. त्यावरून मी त्याला आयुष्यभर चिडवले, पण त्याच्याइतके नीटनेटके आणि दिल्या शब्दाला जागणारे पोर गावात दुसरे नव्हते, हेही आज लिहून ठेवतो. घर त्याने विकले तरी चालेल. फक्त स्वयंपाकघराचा उंबरठा उखडू नये.

कलम दुसरे. सदर उंबरठा आणि पडवीत टांगलेली दोन लांब वल्ही ड्रेस्डेन या जर्मन क्रूझर युद्धनौकेची आहेत. वल्ही नात रोसाल्बा हिला द्यावीत. ती माझी दिवंगत मुलगी इर्मा हिची मुलगी, माझ्याच घरात वाढलेली. या वस्तू चोरीच्या आहेत असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून त्या घरात कशा आल्या ते लिहितो.

ती नौका हॅम्बुर्गला बांधली गेली. जुन्या जहाजांचे दट्टे तिच्यात नव्हते, नवी टर्बाइनची यंत्रे होती, आणि त्यामुळे ती वाऱ्याशी शर्यत लावायची. हे मला तिच्या भट्टीत कोळसा ओढणाऱ्या ओट्मार क्रालने सांगितले. पहिल्या महायुद्धात फॉकलंड बेटांजवळ इंग्रजांनी तिच्या सोबतच्या सगळ्या लढाऊ नौका बुडवल्या, ही एकटी पळाली. ओट्मारला लढाई दिसलीच नाही. वरून कोणीतरी ओरडत होते, “आणखी कोळसा! आणखी!” आणि हे खाली घामाने आंधळे झाले होते. पुढे कितीतरी आठवडे ती दक्षिणेच्या खाड्यांमध्ये लपून राहिली, झाडांच्या इतकी जवळ की डेकवर पाने पडायची. शिंपले खाऊन दिवस काढले. शेवटी कोळसा संपला. जिची सगळी मदार पळण्यावर, तिचे पायच गेले. उरलासुरला झाडून पेटवून ती आमच्या खाडीत आली. तो १९१५ चा मार्च होता आणि मी बावीस वर्षांचा होतो.

आमच्या गव्हर्नरने त्यांना बजावले, की हा तटस्थ देश आहे, एका दिवसात निघा. त्यांचा कप्तान म्हणाला, निघायला कोळसा कुठे आहे? दोघांचेही म्हणणे रास्त होते. या वादाचा निकाल लागायच्या आधीच, रविवारी सकाळी, इंग्रजांच्या युद्धनौका आल्या आणि त्यांनी तटस्थपणा वगैरे काही न विचारता तोफा सुरू केल्या. गाव डोंगराकडे पळाले. माझी आई पाव करायला मळलेल्या कणकेचे भांडे कडेवर घेऊन पळाली, आणि माझा धाकटा भाऊ मात्र खालीच राहिला होता. त्याला आणायला म्हणून मी परत उतरलो. तो सापडला एका बकरीसोबत खडकामागे, मजेत. तेवढ्यात पाण्यात माणसे दिसली, तेव्हा बापाची बोट लोटली.

पहिला हात लागला तो ओट्मारचा. नखशिखान्त काळा. त्याची कॉलर धरून मी त्याला आत ओढला. तो काहीतरी बोलला, मीही काहीतरी बोललो, दोघांनाही एक अक्षर कळले नाही. पुढे त्याची बोली सुधारल्यावर मी विचारले, त्या दिवशी काय म्हणत होतास? म्हणाला, “माझे नवे बूट खाली राहिले.”

नौका इंग्रजांनी बुडवली नाही, तिच्याच लोकांनी बुडवली. दारूगोळ्याला बत्ती दिली आणि किनाऱ्यावर ओळीने उभे राहून टोप्या काढल्या. ती नाकावर खाली गेली. मी तेव्हा रडलो. ती माझी कोणी नव्हती, तरी रडलो. नंतर जे लाकूड वाहून किनाऱ्याला लागले ते सगळ्या गावाने उचलले, त्यातले हे.

कलम तिसरे. स्वयंपाकघराचे दार वाऱ्याने आपटते आणि त्याला टेकू का नाही, असे नोल्बेर्तो विचारील. टेकू होता. लग्नानंतर माझी पत्नी सुनिल्दा हिला मागच्या ओढ्यात इंग्रजांच्या तोफेचा एक गोळा सापडला होता. गुळगुळीत, जड, बुडाला सपाट. तिने तो घासूनपुसून दाराला लावला. त्यावर ती कणीक फुगायला ठेवायची, कारण तिथे ऊन यायचे. चिलीने त्या खलाशांना मुख्य भूमीवर नजरकैदेत ठेवले होते. युद्ध संपल्यावर त्यातून सुटलेला ओट्मार सुताराची पेटी घेऊन बेटावर राहायला परत आला, आणि पहिल्याच दिवशी आमच्याकडे जेवायला आला. दारातच थबकला.

“वहिनी, पीठ उतरवा. हळू. मूल उचला.”

“का हो? इथं पाव छान फुगतो. तापतं ना ते उन्हानं.”

“तापतं म्हणून तर. वहिनी, हा जिवंत.”

सुनिल्दा म्हणाली, “जिवंत आहे तर इतकी वर्षं गप्प कसा? माझ्या नवऱ्यापेक्षा गुणाचा आहे.”

तो गोळा आम्ही गादीवर घालून, नोल्बेर्तोच्या पाळण्याच्या दोऱ्यांनी बांधून बोटीपर्यंत नेला. पुढे ओट्मार, मागे मी. गाव मिरवणुकीने मागे येत होते, पण दर पावलागणिक गाव लांब लांब होत गेले आणि धक्क्यापाशी आम्ही दोघेच उरलो. तो खोल पाण्यात सोडला तेव्हा ओट्मारने छातीवर क्रूस काढला, आणि तो तर आमच्या पंथाचाही नव्हता. त्या दिवसापासून दार आपटते. आपटू द्यावे.

कलम चौथे. ओट्मारने माझी बहीण देल्फिना हिच्याशी लग्न केले आणि तो माझा मेहुणा झाला. इतका चांगला मेहुणा की त्याच्याशी भांडायला कारणे शोधावी लागायची. रविवारी तो बोट घेऊन खाडीच्या मध्यावर जायचा, वल्ही थांबवायचा आणि म्हणायचा, “खाली माझी भट्टी आहे.” खाडीतली शेवंड त्याने जन्मात तोंडात घातली नाही, बाहेरच्या पाण्यातली मात्र चाटूनपुसून खायचा. आता तो आणि देल्फिना, दोघेही दफनभूमीत, त्या रविवारी मेलेल्या त्याच्या सोबत्यांशेजारी आहेत. दर मार्चमध्ये त्या सगळ्या कबरींवरचे गवत काढावे आणि कुंपणाला रंग द्यावा. रंग पांढराच असावा. गेल्या वेळी कोणीतरी उरलेला बोटीचा हिरवा फासला होता, त्याचे नाव मला माहीत आहे.

कलम पाचवे. माझ्या दिवंगत पत्नीचा काळा घागरा, ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेला, अबेलिनो दुवोशेल यास मिळावा. कारण : याच अबेलिनोने गुत्त्यात सर्वांदेखत म्हटले होते, “बाईच्या हाती खूण गेली तर मी घागरा नेसून बोटीत बसेन.” (खूण म्हणजे शेवंड पकडण्याची राखीव जागा, खुलासा सातव्या कलमात.) सुनिल्दा अंगाने भरलेली होती, त्यामुळे मापाची अडचण येणार नाही.

हाच अबेलिनो तरुणपणी एक अख्खा हंगाम टेकडीच्या टोकाआड आपली बोट ठेवून माझ्या बोटीचा पाठलाग करीत होता. मला ते कळले. मी रोज शेवंड नसलेल्या एका उजाड खडकावर जाऊन, खूप मेहनत घेतल्यासारखे करून, रिकामे पिंजरे टाकून यायचो. मी गेल्यावर तो तिथे आपले टाकायचा. त्यात त्याला एक वाम मासळी मिळाली आणि तिने त्याचा अंगठा फोडला. त्याने मला त्याबद्दल माफ केलेले नाही, आणि मी त्याला पाठलागाबद्दल. हिशेब सारखा झाला असे मी आज जाहीर करतो.

कलम सहावे. बोट, तिचे इंजिन, सर्व पिंजरे, दोर आणि पिंजऱ्याची जागा दाखवणारे तरंडे रोसाल्बा हिला द्यावेत. बोट ओट्मारने बांधलेली आहे आणि अजून पाणी घेत नाही. इर्मा गेल्यावर ही पोर माझ्याबरोबर समुद्रावर येऊ लागली, आधी घरी एकटी रडत बसू नये म्हणून, मग माझे तिच्यावाचून चालेना म्हणून. बोट कागदावर चढते, तिला कोणी आडकाठी करणार नाही. अडचण पुढच्या कलमात आहे.

कलम सातवे. नोंदणी अधिकारी मोंतेसिनोस साहेब मुख्य भूमीवरचे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी खुलासा करतो. आमच्याकडे शेवंड कुठेही मिळत नाही. तळाशी ठरावीक खडक असतात, तिथेच ती असते. तो खडक पाण्यावरून दिसत नाही. जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, मग दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन, आणि या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पिंजरा सोडायचा. या जागेला आम्ही खूण म्हणतो. खूण बापाकडून मुलाकडे जाते. तिचा उतारा नाही, नकाशा नाही, आणि सांगितली की गेली. ती माझी आहे याला पुरावा एवढाच, की शेजारच्या खुणांचे धनी तिथे आपला पिंजरा टाकत नाहीत. धनी मेला आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना मान्य असलेला माणूस तिथे आला नाही, तर ती खूण कोणाचीही.

माझी सगळ्यात चांगली खूण मला बापाने दिलेली नाही. इंग्रजांनी दिली. त्या रविवारी ड्रेस्डेनवर झाडलेले काही गोळे तिला न लागता मागच्या कड्यात घुसले आणि कड्याला भोके पडली. ती अजून आहेत. ओट्मार आणि मी एकदा पुष्कळ भटकून रिकाम्या हाताने परतत होतो, तेव्हा त्यातले एक भोक वरच्या एका वस्तूच्या बरोबर खाली आलेले त्याने पाहिले. कोणते भोक, कोणती वस्तू, ते मी लिहिणार नाही. अबेलिनोने मान उंच करू नये. तिथे सहज पिंजरा सोडला, आणि वर ओढताना आम्हा दोघांचे हात पुरेनात. कोणा परक्या तोफवाल्याचा नेम चुकला, त्या चुकीवर माझी मुले जेवली, शिकली, आणि सुनिल्दाचे शेवटचे औषधपाणी झाले. आमच्या बेटाला त्या लढाईतून कबरींखेरीज आणखी काही मिळाले असेल तर ते हे.

कलम आठवे. आता छातीविषयी. गेल्या मे महिन्यात उत्तरेचा वारा सुटला, तो दिवस सर्वांना आठवत असेल. अबेलिनोचा मुलगा रेमिहिओ याचे इंजिन बंद पडून त्याची बोट कड्याखालच्या खडकांकडे चालली होती. माझ्या बोटीने जाऊन त्याला दोर टाकला आणि ओढून आणले. गावाने माझी पाठ थोपटली, अबेलिनोने बकऱ्याची तंगडी आणि वाइनची बाटली पाठवली. हे सर्व चुकीच्या पत्त्यावर आले.

त्या वेळी मी बोटीच्या तळाशी आडवा होतो. छातीवर कोणी नांगर ठेवावा तसे झाले होते. मी रोसाल्बाला म्हणालो, “घरी चल, पोरी.”

ती म्हणाली, “आजोबा, दम निघतो का जरा? रेमिहिओ खडकावर चाललाय.”

“पावसात काही दिसत नाही. तूही जाशील.”

“गोळ्याचं भोक दिसतंय. त्याच्या रेषेत राहिलं की बोटीला लागेल असा खडक नाही, तुम्हीच शिकवलंत ना? आता गप्प पडून राहा, बोलू नका.”

डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून तिने माझी टोपी घातली होती. रेमिहिओने ती टोपी पाहिली आणि सुकाणूवर मीच आहे असे धरले. ती रेषेवरून आत शिरली, दोर टाकला, पहिला चुकला, दुसरा टाकला, आणि त्याच रेषेवरून उलटी बाहेर आली. मी चाळीस वर्षांत त्या कड्याच्या इतका जवळ गेलेलो नाही. गेलोही नसतो.

धक्क्यावर मी बोलणार होतो, पण तिने मला आधीच दटावले : “सांगाल तर लोक विचारतील म्हातारा कुठे होता. छातीचं कळलं, की तुमच्या खुणेवर सहा बोटी घिरट्या घालतील.” तिचे बरोबर होते. आता डॉक्टरचेही म्हणणे पडले आहे, की मी पुन्हा बोटीत बसू नये, आणि माझ्याजवळ फार वेळ नाही. म्हणून लपवण्यात अर्थ उरला नाही.

कलम नववे. सदर खूण माझी नात रोसाल्बा हिला, शेजारच्या खुणांचे धनी अबेलिनो दुवोशेल व कुस्तोदिओ पाइयान यांच्या संमतीने, देत आहे. बोट मी कायद्याने देऊ शकतो. खूण मी फक्त मागू शकतो, आणि म्हणूनच या दोघांना साक्षीला बोलावले आहे. आजवर आमच्या बेटावर कोणत्याही बाईच्या नावे खूण गेलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोरीचे सगळे आयुष्य त्या पाण्यात आहे. तिला मुख्य भूमीवर कोणाच्या घरी भांडी घासायला पाठवून मला शांतपणे मरता येणार नाही. मी आयुष्यात अबेलिनोकडे काही मागितलेले नाही. आज मागतो आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, छातीचे पाहता, बहुधा हेच शेवटचे.

बाल्दोमेरो ओयार्सो (सही)

नोंदणी अधिकाऱ्याचा शेरा. वरील मृत्युपत्र मी, एफ्राइन मोंतेसिनोस, लिहून देणाऱ्याच्या घरी, तो पलंगावर बसला असता, तीन साक्षीदारांसमोर मोठ्याने व संपूर्ण वाचले. वाचनाच्या वेळी व नंतर जे घडले त्यामुळे दस्तात फरक झाला असल्याने ते नमूद करणे भाग आहे.

पाचव्या कलमाला साक्षीदार कुस्तोदिओ पाइयान यांना हसू आवरेना. साक्षीदार अबेलिनो दुवोशेल “पुढे वाचा” एवढेच म्हणाले. आठवे कलम झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग त्यांनी स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन आलेल्या रोसाल्बास विचारले :

“पोरी, टोपी तुझ्या डोक्यावर होती?”

“हो, काका.”

“मग मी ती बाटली कुणाला पाजली?”

“मला,” लिहून देणारा म्हणाला. “चांगली होती.”

 दुवोशेल यांचे डोळे भरून आले आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नवव्या कलमाचे वाचन संपल्यावर मी लेखणी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि परत टेबलावर ठेवली.

“मी यावर सही करणार नाही.”

लिहून देणाऱ्याचा चेहरा उतरला. रोसाल्बाच्या हातातला ट्रे तिसऱ्या साक्षीदार, शिक्षिका हेर्त्रुदिस बास्कुन्यान यांनी काढून घेतला.

“अबेलिनो,” लिहून देणारा म्हणाला, “तू मला शिव्या दे, पण पोरीला...”

“अरे, गप की जरा. आयुष्यभर तूच बोललास.” दुवोशेल माझ्याकडे वळले. “साहेब, त्या नवव्या कलमात आमची नावं कशाला हवीत? माझ्या बापानं मला खूण दिली, तेव्हा ह्या बाल्दोमेरोची संमती विचारली होती का? कुस्तोदिओच्या बापानं विचारली होती? मग हिलाच का? खोडा ते.”

“माझंही खोडा,” पाइयान म्हणाले. “आणि पोरी, पहिल्या दिवशी माझा तरंडा तुला आडवा आला तर हाक मार. मी सरकवतो.”

लिहून देणाऱ्याने स्वतःच्या हाताने शब्द खोडले व समासात सही केली. त्यास थोडा वेळ लागला. ते पूर्ण होईपर्यंत सर्व जण थांबले.

दुरुस्ती : कलम नववे, “शेजारच्या खुणांचे धनी अबेलिनो दुवोशेल व कुस्तोदिओ पाइयान यांच्या संमतीने” हे शब्द रद्द. ते वगळून वाक्य असे वाचावे : सदर खूण माझी नात रोसाल्बा हिला देत आहे.

स्थळ : सान हुआन बाउतिस्ता, मास आ तिएर्रा बेट.
दिनांक : २८ सप्टेंबर १९६२, शेवंडांचा हंगाम उघडण्यापूर्वी.

साक्षीदार :
हेर्त्रुदिस बास्कुन्यान, शिक्षिका (सही)
कुस्तोदिओ पाइयान, मच्छीमार (सही)
अबेलिनो दुवोशेल, मच्छीमार, रोसाल्बाच्या खुणेचा शेजारी (सही)